वारा थांबल्यावरची हलगी

माझ्या थोरल्या नातीला, सगुणाला, पहिली मुलगी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. बारसं जतला झालं, आणि त्याच दिवशी सकाळी मी समुद्रापार मॉरिशस बेटावर, एका संगीतशाळेच्या खोलीत, रेडिओपुढे बसलो होतो. रेडिओवरचा माणूस घाईघाईने बोलत होता. त्याची भाषा मला कळत नव्हती, घाई कळत होती.

"काय म्हणतोय त्यो?" मी विचारलं.

"वादळ, गुरुजी," कौसल्याबाई म्हणाल्या. "काल बाजूने जाईल म्हणत होते. आता म्हणतात, थेट आपल्यावरून."

"थेट म्हंजी?"

"म्हणजे डोक्यावरून."

शेगडीपाशी त्यांचे वडील, बापू इत्तू, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. माझं तोंड बघून ते हसले.

"यमाजी नाव ठेवलंनी तुझं, आणि वाऱ्याला भितोस रे?"

"नाव आजीनं ठेवलं, बापू. भ्या माझं मी कमावलं."

बापू हसता हसता खोकले. मीही हसलो. आमच्या मुलखात वारा येतो तो धूळ घेऊन. घरं उचलणारा वारा मी कधी पाहिला नव्हता.

त्या गावातल्या मराठी लोकांचे पूर्वज फार मागे उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेले. आता घरात सगळे तिथली क्रिओल भाषा बोलतात. मराठी उरली ती गणपतीत, लग्नात आणि बापूंसारख्या म्हाताऱ्यांच्या तोंडी. कौसल्याबाई मास्तरीण, त्यांनी मराठी पुस्तकातून शिकलेली, म्हणून माझ्यापेक्षा शुद्ध. बापूंनी मराठी मंडळीच्या, म्हणजे तिथल्या मराठी समाजाच्या, पत्र्याच्या सभागृहात पूर्वी एक संगीतशाळा काढली होती, ती आता त्या चालवत होत्या. पेटी होती, भजन होतं, तबला होता. हलगी, ढोल शिकवायला माणूस हवा म्हणून पुण्याच्या एका संस्थेने मला पाठवलं. पगार नाही, तिकीट आणि दोन वेळचं जेवण. शाळा वाढवायची होती. त्यासाठी सभागृहामागे काँक्रीटची एक लांबरुंद खोली नव्याने बांधली होती. खोलीत पन्नास मुलं मावली असती. येत होती दहा-बारा.

मुलं खाली होती. उतार संपतो तिथे, समुद्राच्या काठाला मासेमारांची वस्ती होती, पत्र्याची आणि फळ्यांची घरं. बरेचसे क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचे, काही मराठी, काही दोन्हीकडचे. ती पोरं वर येत नसत. कधीकाळी मंडळीतल्या कुणीतरी त्यांना "हे आमच्या लोकांसाठी आहे" म्हणून दारातून परत धाडलं होतं. ते सांगणारा मेला, पण बोललेलं तिथेच राहिलं होतं.

खालच्या वस्तीत माझा एकच दोस्त होता, आन्सेल्म. चाळिशीचा, होडीवर जाणारा. तो रावान वाजवायचा. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचं मोठं गोल वाद्य, आणि ते आमच्या हलगीसारखंच वाजवण्याआधी जाळावर शेकावं लागतं. शेकल्याशिवाय कातडं बोलत नाही. पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याला माझी भाषा येत नव्हती आणि मला त्याची. त्याने पाचोळा पेटवला, दोघांनी आपापली वाद्यं त्या जाळावर धरली, आणि पुढचं आपोआप झालं. त्याची धाकटी मुलगी मिरेल समोर बसून दोन्ही गुडघ्यांवर ठेका धरायची. तिला शाळेत घालायचं त्याच्या मनात होतं. पण वस्तीतली वडीलधारी त्याची मावशी मार्गो. तिच्या पुढे कुणी जात नव्हतं.

त्या सकाळी कौसल्याबाई आणि मी खाली गेलो. वारा अजून साधाच होता. आभाळ मात्र तांबूस, आणि समुद्र किनाऱ्यापासून मागे मागे सरकल्यासारखा दिसत होता. मार्गो छपरावर दोर टाकून दगड बांधत होती. कौसल्याबाई बोलल्या. मार्गोने दोर न सोडता उत्तर दिलं. कौसल्याबाईंचा चेहरा उतरला.

"काय म्हणाली?"

"म्हणते, गाण्यासाठी वर घेतलं नाहीत, आता वाऱ्यासाठी कशाला बोलावता?"

"मग माफी मागा की."

"मागितली. म्हणते, माफी ठेवून घेते, पण घर सोडत नाही. घर सोडलं की घर जातं."

पोलिसांची गाडीही भोंगा लावून जाऊन आली होती. कुणी हललं नव्हतं. आन्सेल्म होडी वर ओढून झाडाला बांधत होता. मी हाताने विचारलं, वर येतोस का? त्याने मार्गोकडे बोट केलं आणि खांदे उडवले.

दुपार व्हायच्या आत वादळ आलं.

आम्ही काँक्रीटच्या खोलीत होतो. मी, बापू, कौसल्याबाई आणि शेजारची दोन कुटुंबं. दाराला आडणा घातला होता, खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. पहिल्यांदा पाऊस आडवा आला. मग असा आवाज सुरू झाला की माणसाला माणसाचं ऐकू येईना. मी जन्मभर ताल वाजवलेला माणूस. कसल्याही आवाजात मी सम शोधतो. गिरणीत शोधतो, मोटारीत शोधतो. ह्या आवाजात सम नव्हती. तो कुठून सुरू होतो आणि कुठे टेकतो ते कळत नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

मग सभागृहाचे पत्रे गेले. एकेक पत्रा किंचाळत उखडला. बापूंचा जुना ढोल तिकडेच राहिला होता. एका खिडकीची फळी फुटली, काच आत आली आणि शेजारच्या बाईचं कपाळ चिरलं. कौसल्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेऊन पदराने दाबून धरलं. मी आणि तिचा नवरा खिडकीला गादी लावून पाठीने रेटत उभे राहिलो. मी काय काय बोललो देवाला, ते आता सांगण्यासारखं नाही.

आणि एकाएकी सगळं थांबलं.

वारा नाही, पाऊस नाही. फटीतून पिवळा उजेड आत आला. कान बधिर झालेले. मी गादी सोडून मटकन खाली बसलो.

"सुटलो," मी म्हणालो.

"नाही," कौसल्याबाई म्हणाल्या. "हा डोळा आहे, गुरुजी. वादळाचा मधला भाग. आता दुसऱ्या बाजूने येईल, आणि पहिल्यापेक्षा जोरात."

"कवा?"

"अर्ध्या तासाने. कदाचित लवकर. कोणी बाहेर जायचं नाही."

मी मान वळवली तर बापू शेगडीवर वाकलेले. निखाऱ्यांवर माझी हलगी धरून हळूहळू फिरवत होते. बोटाच्या पेराने कातडं ठोकून बघत होते, पुन्हा शेकत होते. दमट हवेत सैल पडलेलं कातडं ताणलं गेलं आणि टणत्कार आला. बापूंनी हलगी गळ्यात घातली, काड्या घेतल्या, दाराचा आडणा काढला आणि बाहेर पडले.

"बाबा!" कौसल्याबाई ओरडल्या. त्यांच्या मांडीवर त्या बाईचं डोकं होतं, रक्त अजून वाहत होतं. उठता येईना. "गुरुजी, धरा त्यांना! त्यांना वाटतंय, वादळ संपलं!"

"हलगी कशाला घेतली त्यांनी?"

"वादळ संपलं की आमच्या घरातला माणूस ढोल वाजवत खाली जातो. आजोबांपासूनची रीत आहे. ढोल ऐकला की लोक दारं उघडतात आणि ढोलामागून इथे वर येतात, कोण राहिलं कोण गेलं ते बघायला. वीज गेली, रेडिओ बंद पडले, सगळे त्या ढोलाचीच वाट बघत असतील. गुरुजी, ती माणसं बाहेर येतील! परत आणा त्यांना!"

मी बाहेर आलो. रस्ता ओळखू येत नव्हता. झाडं आडवी, तारा खाली, उसाचं शेत लोळवल्यासारखं झोपलेलं. रस्त्यात समुद्रपक्षी बसले होते, पाय टाकला तरी उडत नव्हते. बाजूला सरकायचे फक्त. वर आभाळाचा निळा गोल, आणि त्याच्या चारी बाजूंनी काळी भिंत.

बापू उताराच्या वळणावर होते. काड्या पडत होत्या, म्हाताऱ्या हाताच्या मानाने साफ पडत होत्या.

"बापू, माघारी चला! वादळ उरलंय अजून!"

"संपलं रे."

"बाई म्हणत्यात, डोळा हाय ह्यो."

"बाई माझी पोर. तिने वादळं किती बघितलीन आणि मी किती?" ते माझ्याकडे बघत नव्हते. नजर सरळ खाली, वस्तीवर.

मी त्यांचा दंड धरला. ते थांबले. दंड नुसतं हाड होतं.

"यमा, सोड. ओढायचं असेल तर ओढ. नायतर माझ्या मागून चाल. पण वाजवताना हात धरू नको."

मी सोडला. खरं सांगायचं तर धीर होता म्हणून मी त्यांच्यामागून गेलो नाही. मागे वळून बघितलं, तो रिकामा रस्ता, ते पक्षी, ती काळी भिंत. एकट्याने परत जायची मला जास्त भीती वाटली.

खालच्या वस्तीत निम्म्या घरांना छप्पर नव्हतं. हलगी ऐकली आणि दारं उघडू लागली. भिजलेली माणसं, कडेवर पोरं, चेहरे पांढरेफटक. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं, एकमेकांना मिठ्या मारत होते. मला ओरडायचं होतं, आत जा, आत जा. पण आत म्हणजे कुठे? भिंती डुलत होत्या. आणि ओरडायचं तरी कुठल्या भाषेत?

मार्गो पुढे आली. आभाळाकडे बघून तिने बापूंना काहीतरी विचारलं. बापूंनी मान डोलावली, काडी थांबवली नाही. तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि घराकडे बघून बायकांना हाक दिली. त्या ढोलाने तिच्या आयुष्यात कधी दगा दिला नव्हता.

मग आन्सेल्म आला. तो समुद्राकडून धावत आला होता. बापूंच्या पुढ्यात उभा राहून तो खालच्या आवाजात दोन-चार शब्द बोलला. बापूही तसेच बोलले, अगदी थोडं. आन्सेल्म त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा म्हाताऱ्याच्या हातातून हलगी हिसकावून घेणार आणि सगळ्यांना घरात कोंडणार. मनातून मी म्हणालो, घे बाबा, लवकर घे.

तो वळला आणि लोकांवर ओरडू लागला. हातांनी वर रेटू लागला, चला, चला. एका म्हातारीची खुर्ची उचलून दोन पोरांच्या हातात दिली. मिरेलला उचलून माझ्या खांद्यावर बसवलं, माझी मूठ तिच्या पायांभोवती आवळून घट्ट केली, आणि उताराकडे बोट दाखवलं. मग स्वतः उलटा, वस्तीच्या टोकाकडे पळाला. तिथे एकटा एक लंगडा म्हातारा राहायचा.

आम्ही चढू लागलो. पुढे हलगी, मागे सगळी वस्ती. कुणाला घाई नव्हती. बायका बोलत होत्या, पोरं रस्त्यातले पक्षी उचलू बघत होती. त्यांच्या मते वादळ संपलं होतं. संपलं नाही ते मला माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा त्या काळ्या भिंतीकडे बघत होतो. ती जवळ आली होती. खाली समुद्र गुरगुरत होता. मिरेलने माझे केस दोन्ही मुठींत धरले होते.

बापूंनी लय वाढवली. लोकांचे पाय आपोआप उचलले गेले. पुन्हा वाढवली. म्हाताऱ्याला धाप लागलेली, तोंड उघडं, तरी काडी चुकत नव्हती. शाळेच्या वळणावर पहिली झुळूक आली, समोरून नाही, पाठीमागून. मार्गो जागच्या जागी थांबली. तिला कळलं. ती किंचाळली, आणि मग सगळे पळू लागले.

दारात कौसल्याबाई उभ्या होत्या. त्या एकेकाला आत ओढत होत्या. बापू दाराबाहेर बाजूला उभे राहून वाजवतच होते. वाजवणारा शेवटी आत जातो. मी मिरेलला आत दिलं, बाहेर आलो, बापूंना कमरेला धरून उचललं आणि आत पडलो. कुणीतरी दार लावलं. आडणा बसतो न बसतो तोच वारा येऊन आदळला.

तो दुसरा वारा कसा होता ते मी सांगू शकत नाही. खोली भरलेली होती, माणूस माणसाला चिकटून. दारावर चौघे पाठ लावून होते. मिरेल माझ्या मांडीवर. मधेच मार्गो उठली, माणसं ओलांडत बापूंपुढे आली आणि बोलू लागली. बापू भिंतीला टेकून बसले होते, हलगी अजून गळ्यात. कौसल्याबाई माझ्या कानाशी तोंड आणून सांगू लागल्या.

"म्हणते, बापू, तुम्ही म्हातारे झालात. डोळा कुठला आणि शेवट कुठला, तुम्हाला कळेना झालं. आमची पोरं रस्त्यात मेली असती."

बापू काहीतरी बोलले. कौसल्याबाई माझ्या कानापासून तोंड काढून त्यांच्याकडे बघू लागल्या.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कळतो."

मार्गोने पुन्हा विचारलं.

"विचारते, मग खोटं वाजवलंत?"

बापूंनी मान हलवली. मग ते बोलले, आणि कौसल्याबाई शब्द शब्द सांगत गेल्या. "म्हणाले, होय. खरं काय ते माझ्या पोरीने सकाळी येऊन सांगितलं. कोण आलं? पोलिसांनी सांगितलं. कोण आलं? ढोल ऐकला की तुम्ही येता, म्हणून वाजवला."

मार्गो उभीच राहिली. वाऱ्याने दार आत दाबलं, माणसांनी ते पुन्हा बाहेर दाबलं.

"माझ्या बापाने कधी असं केलं नाही, म्हणतात," कौसल्याबाई सांगत होत्या. "म्हणतात, आन्सेल्मने मला विचारलं, हा डोळाच आहे ना? मी म्हणालो, होय. पण आता बोलू नकोस."

तेव्हा मला समजलं, आन्सेल्म म्हाताऱ्याकडे एवढा वेळ का बघत राहिला होता.

मार्गोने खोलीभर नजर फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. तिने आन्सेल्मचं नाव घेतलं. मग मोठ्याने घेतलं. कुणी ओ दिली नाही. बापूंनी गळ्यातून हलगी काढून जमिनीवर ठेवली. माझ्या मांडीवरची पोर रडत नव्हती. सगळी खोली छताकडे बघत होती, ती एकटी दाराकडे बघत होती. मी तिचे कान झाकायला गेलो, तिने माझे हात बाजूला केले. तिला ऐकायचं होतं, बाहेरून कुणी दार वाजवतं का.

कुणी वाजवलं नाही.

वादळ सरलं तेव्हा ते सांगायला कुणी ढोल वाजवला नाही. आम्ही दार उघडून खाली गेलो. वस्ती नव्हतीच. जिथे घरं होती तिथे वाळू होती, आणि समुद्र वळणापर्यंत येऊन मागे गेला होता. तो लंगडा म्हातारा उताराच्या चरात सापडला, जिवंत. आन्सेल्मने त्याला पाठीवर घेऊन अर्धा चढ चढवला होता. उडता पत्रा अंगावर आला तेव्हा त्याने त्याला चरात टाकलं आणि स्वतःला सावरता आलं नाही, असं तो म्हातारा सांगत होता. आन्सेल्म थोडा खाली, उसात होता.

ती माणसं बरेच दिवस त्या खोलीतच राहिली. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणं. पोरांना दिवसभर काम नसायचं. आन्सेल्मला पुरल्यानंतर एका सकाळी मार्गो मिरेलला हाताला धरून माझ्यापुढे आली आणि हलगीकडे बोट करून खाली बसली. बाकीची पोरं आपणहून आली. मी तीन महिन्यांसाठी गेलो होतो, वर्षभर राहिलो. निघालो तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नसायची.

बापूंनी त्यानंतर ढोलाला हात लावला नाही. मी एकदा म्हणालो, "बापू, पोरांपुढं एकदा तरी वाजवा."

"नको रे. त्या हाताने एकदा खोटं सांगितलं. आता पुढच्या वादळात ह्या गावाने ढोलावर दार उघडता कामा नये. रेडिओ ऐकू दे त्यांना."

"पर माणसं वाचली की."

"वाचली," बापू म्हणाले. "आन्सेल्म सांगू शकला असता. माझ्या शब्दाखातर नाही सांगितलंन त्याने."



आन्सेल्म त्या दुपारी गेला, वारा उलटा फिरला तेव्हा. बापू इत्तू पुढच्या वर्षी, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, झोपेत गेले.